संख्या संयुक्त असल्याचे कळते, पण तिचे अवयव कळत नाहीत, असे कसे?

तुमचा प्रश्न मी प्रथम माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे स्पष्ट राहील. तुमच्याकडे ३०९ अंकी एक विषम संख्या आहे. तुम्ही वापरलेल्या प्रोग्रामने ती संयुक्त असल्याचे क्षणार्धात सांगितले, परंतु १० कोटीपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिल्यावरही तुम्हाला एकही अवयव सापडला नाही. त्यामुळे प्रोग्राम चुकला असावा का, अशी शंका तुम्ही विचारली आहे. त्याला जोडूनच, या संख्येचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती आणि एकूण तिच्याविषयी खात्रीने काय सांगता येईल, हेही तुम्हाला हवे आहे.

प्रोग्राम चुकलेला नाही, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. संख्या संयुक्त असल्याची सिद्धता आणि तिच्या अवयवांची माहिती या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत आपण संयुक्त संख्या ओळखतो ती तिचा एखादा विभाजक दाखवूनच, आणि म्हणून पहिली गोष्ट दुसरीशिवाय हाती येऊ शकते यावर मन सहजासहजी विश्वास ठेवत नाही. मी गेली अनेक वर्षे मोठ्या संख्यांचे अवयव काढण्याचे काम करते आणि नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला हीच अडचण पडलेली पाहते. म्हणून आधी एक लहान उदाहरण हाताने करून दाखवते.

९१ ही संख्या घ्या. तिचे अवयव तुम्हाला ठाऊक असतील, तरी थोडा वेळ ते विसरा. फर्माचे लघु प्रमेय सांगते की, एखादी संख्या मूळ असेल आणि पाया तिने भाग न जाणारा असेल, तर पायाचा त्या संख्येहून एकने कमी इतका घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. आता पाया २ घेऊ. २ चा १२ वा घात ४०९६ आहे आणि ९१ गुणिले ४५ म्हणजे ४०९५, म्हणून २ च्या १२ व्या घाताला ९१ ने भागल्यावर बाकी १ उरते. ९० म्हणजे सात वेळा १२ आणि वर ६, त्यामुळे २ च्या ९० व्या घाताची बाकी ही २ च्या ६ व्या घाताइतकीच, म्हणजे ६४ येते. ९१ मूळ असती तर बाकी १ यायला हवी होती. ती ६४ आली, म्हणून ९१ मूळ नाही. सिद्धता येथे पूर्ण झाली. या सगळ्या गणितात ७ किंवा १३ हे आकडे कोठेही आले नाहीत, आणि आलेल्या ६४ या बाकीतून ते सहजपणे दिसतही नाहीत.

हेच पाया ३ घेऊन करून पाहा. ३ चा ६ वा घात ७२९, आणि ९१ गुणिले ८ म्हणजे ७२८, म्हणून बाकी १. ९० म्हणजे बरोबर पंधरा वेळा ६, म्हणून ३ च्या ९० व्या घाताचीही बाकी १ च येते. म्हणजे पाया ३ ला ९१ ही संख्या मूळ संख्येसारखीच भासते. या कसोटीचा एकतर्फीपणा येथे दिसतो. बाकी १ आली तर काहीच सिद्ध होत नाही, संशय फक्त कमी होतो. बाकी १ आली नाही तर मात्र संख्या संयुक्त असल्याचे निर्विवादपणे सिद्ध होते. तुमच्या प्रोग्रामने ‘संयुक्त’ असे सांगितले आहे, म्हणजे त्याने दिलेले उत्तर या खात्रीच्या बाजूचे आहे. त्याने ‘बहुधा मूळ’ असे सांगितले असते, तर संभाव्यतेची चर्चा करावी लागली असती.

प्रत्यक्षात आजचे प्रोग्राम फर्माची कसोटी जशीच्या तशी वापरत नाहीत, कारण ५६१ सारख्या काही संयुक्त संख्या अशा आहेत की, त्यांच्याशी सामाईक अवयव नसलेला कोणताही पाया घेतला तरी त्या ही कसोटी उत्तीर्ण होतात. त्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. त्यांना पकडण्यासाठी मिलर आणि रेबिन यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी वापरली जाते, आणि ती समजून घेणे पुढे उपयोगी पडणार आहे. ५६१ वजा १ म्हणजे ५६०, आणि ५६० म्हणजे ३५ गुणिले १६. म्हणून प्रथम २ च्या ३५ व्या घाताची ५६१ ने भागल्यावर उरणारी बाकी काढायची. ती २६३ येते. मग वर्ग करत जायचे. २६३ च्या वर्गाची बाकी १६६, १६६ च्या वर्गाची बाकी ६७ आणि ६७ च्या वर्गाची बाकी १, कारण ६७ चा वर्ग ४४८९ आणि ५६१ गुणिले ८ म्हणजे ४४८८. आता विचार करा. संख्या मूळ असेल तर ज्याच्या वर्गाची बाकी १ येते अशा बाक्या दोनच असू शकतात, एक म्हणजे १ आणि दुसरी म्हणजे उणे १. येथे तर ६७ आली. म्हणून ५६१ संयुक्त. शिवाय या विशिष्ट प्रसंगी अवयवही हाती लागतात, कारण ६७ वजा १ म्हणजे ६६, आणि ६६ व ५६१ यांचा मसावि ३३. ६७ अधिक १ म्हणजे ६८, आणि ६८ व ५६१ यांचा मसावि १७. ३३ गुणिले १७ म्हणजे ५६१.

मग तुमच्या संख्येच्या बाबतीत असेच का होत नाही? कारण वर्ग करत जाण्याच्या या साखळीत शेवटी १ येणे हे ५६१ चे वैशिष्ट्य आहे. मोठ्या संयुक्त संख्येसाठी ती साखळी जवळजवळ कधीच १ वर पोहोचत नाही. शेवटी ९१ मधल्या ६४ सारखी एखादी अर्थहीन दिसणारी ३०९ अंकी बाकी उरते. तेवढ्यावरून संख्या संयुक्त ठरते, पण अवयवांचा माग तिच्यातून निघत नाही. कोणत्याही विषम संयुक्त संख्येसाठी जास्तीत जास्त एक चतुर्थांश पायेच या कसोटीला फसवू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. तुमच्या मनात तरीही शंका असेल तर पाया बदलून कसोटी दोन-तीन वेळा चालवा. प्रत्येक वेळी ‘संयुक्त’ असे उत्तर आले, तर गणनयंत्राच्या क्वचित होणाऱ्या चुकीचीही शक्यता उरत नाही.

वेगातला फरकही येथेच समजतो. ३०९ अंकी संख्या म्हणजे सुमारे १,०२५ बिटांची संख्या. तिच्यावर ही कसोटी एकदा चालवायला साधारण हजारभर वेळा वर्ग करून बाकी काढावी लागते, आणि हे काम साधा संगणक डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करतो. याउलट भाग देत देत वर्गमूळापर्यंत जायचे, तर १ वर १५४ शून्ये इतक्या संख्यांपर्यंत पोहोचावे लागते. सेकंदाला अब्ज भागाकार झाले तरी त्याला १ वर १४५ शून्ये इतके सेकंद लागतील, आणि विश्वाचे आजवरचे वय मात्र १८ अंकी सेकंदांचेच आहे. तुमचा १० कोटीपर्यंतचा शोध या रस्त्यावरचे पहिले पाऊलही नाही. तो निरर्थक होता असे मात्र मी म्हणणार नाही. उलट त्यातून काय काय मिळते ते पुढे सांगते.

संयुक्तपणा आधी आणि अवयव फार नंतर, ही गोष्ट गणिताच्या इतिहासात वारंवार घडलेली आहे. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ नाही, हे ल्युका यांनी १८७६ मध्ये अवयव न सांगताच दाखवले. तिचे अवयव कोल यांनी १९०३ मध्ये दिले, आणि ते १९,३७,०७,७२१ आणि ७६१,८३८,२५७,२८७ असे आहेत. चौदावी फर्मा संख्या, म्हणजे २ चा १६,३८४ वा घात अधिक १, ही ४,९३३ अंकी आहे. ती संयुक्त असल्याचे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीसच ठाऊक झाले होते. तिचा पहिला अवयव सापडला तो २०१० मध्ये, आणि तो ५४ अंकी आहे. मधली चाळीसहून अधिक वर्षे ही संख्या नेमकी तुमच्या संख्येसारख्या स्थितीत होती. फर्मा संख्यांसाठी पेपँ यांची एक खास कसोटी आहे, तिच्यात पाया ३ चा एकच घात काढून निकाल लागतो. अवयवांची वाट पाहावी लागत नाही.

आता तुमच्या भागाकाराकडे वळते. १० कोटीपर्यंत अवयव नाही, म्हणजे संख्या मूळ असण्याचीच शक्यता जास्त, असे तुम्हाला वाटले, आणि ही चूक फार लोक करतात. हिशेब मांडून पाहू. तेवढ्या आकाराच्या संख्यांमध्ये साधारण ७११ मध्ये एक संख्या मूळ असते, कारण मूळ संख्यांची घनता त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगच्या व्यस्त प्रमाणात असते. दुसरीकडे, १० कोटीपर्यंत एकही मूळ अवयव नसलेल्या संख्या १०० मध्ये सुमारे ३ असतात. हे प्रमाण मेर्टेन्स यांच्या प्रमेयावरून निघते. दोन्ही एकत्र केले तर असे दिसते की, तुमची चाळणी पार करणाऱ्या संख्यांपैकी साधारण २२ मध्ये एकच मूळ असते आणि उरलेल्या सगळ्या संयुक्त असतात. म्हणजे प्रोग्रामने काही सांगितले नसते तरी तुमची संख्या संयुक्त असण्यावरच पैज लावणे शहाणपणाचे ठरले असते. अर्थात हा हिशेब संख्या सहजगत्या निवडलेली आहे असे धरून केलेला आहे. ती कोणी मुद्दाम घडवली असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, आणि त्या मुद्द्यावर मी पुढे येणारच आहे.

गुणधर्मांविषयीचा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण अवयव न कळताही बरेच काही खात्रीने सांगता येते, आणि त्यासाठी तुम्ही आधीच केलेला भागाकार फार मोलाचा ठरतो. संख्येला आपण क्ष म्हणू. तिचा प्रत्येक मूळ अवयव १० कोटीपेक्षा, म्हणजे १ वर ८ शून्यांपेक्षा मोठा आहे, हे तुम्ही स्वतः तपासलेले आहे. असे ३९ अवयव एकमेकांशी गुणले तर गुणाकार १ वर ३१२ शून्यांच्या पुढे जाईल, आणि क्ष तर ३०९ अंकीच आहे. म्हणून, एखादा अवयव पुन्हा पुन्हा येत असेल तर तो तितक्या वेळा मोजूनही, क्षचे मूळ अवयव जास्तीत जास्त ३८ असू शकतात, आणि ती संयुक्त असल्यामुळे किमान २ असतात. यावरून तिच्या विभाजकांची संख्या ३ पासून २ च्या ३८ व्या घातापर्यंत, म्हणजे सुमारे २७,४८८ कोटींपर्यंत कोठेही असू शकते. ही मर्यादा फार सैल आहे हे मान्य. प्रत्यक्षात अशा संख्येला तीन ते पाच मूळ अवयव असणे सर्वांत स्वाभाविक आहे.

विभाजकांच्या बेरजेबाबत मात्र अगदी घट्ट मर्यादा मिळते, आणि याचे विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते. विभाजकांच्या बेरजेला क्षने भागले असता येणारे गुणोत्तर मूळ अवयवांवर ठरते, आणि १० कोटीपेक्षा मोठा प्रत्येक मूळ अवयव त्या गुणोत्तरात १० कोटीत एका भागाहून अधिक वाढ करू शकत नाही. असे वेगवेगळे अवयव ३८ पेक्षा जास्त नाहीत. म्हणून हे गुणोत्तर १ पेक्षा जास्त, पण १.००००००४ पेक्षा नक्की कमी आहे. परिपूर्ण संख्येसाठी, म्हणजे स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेल्या संख्येसाठी, ते बरोबर २ असावे लागते. त्यामुळे तुमची संख्या परिपूर्ण नाही, तिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्या तुलनेत नगण्य आहे, आणि सर्व विभाजकांच्या बेरजेचे सुरुवातीचे सहाएक अंक तुम्ही आजच लिहू शकता, कारण हातचा पुढे सरकण्याचा दुर्मीळ अपवाद सोडला तर ते क्षचेच अंक आहेत. क्षपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे सांगणाऱ्या ऑयलरच्या फलनाचेही तसेच आहे. त्याचे मूल्य क्षच्या ०.९९९९९९६ पटीपेक्षा जास्त आणि क्षपेक्षा कमी आहे.

अंदाजे मूल्य इतके जवळून कळते, तर अचूक मूल्य काढणेही सोपे असेल, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. त्याचे कारण एका लहान संख्येवर दाखवते. ८०५१ ही दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे एवढेच ठाऊक आहे, आणि तिचे ऑयलर फलन ७८७२ आहे असे कोणीतरी सांगितले, असे समजा. दोन मूळ अवयव प आणि फ असतील तर हे फलन म्हणजे प वजा १ गुणिले फ वजा १. म्हणून ८०५१ मधून ७८७२ वजा करून १ मिळवला की प आणि फ यांची बेरीज मिळते, ती १८०. बेरीज १८० आणि गुणाकार ८०५१, म्हणजे दोन्ही संख्या ९० च्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर आहेत. ९० चा वर्ग ८१००, त्यातून ८०५१ गेले की उरतात ४९, आणि ४९ चे वर्गमूळ ७. म्हणून अवयव ८३ आणि ९७. फलनाचे अचूक मूल्य कळताच अवयव दोन ओळींत निघाले. दोनपेक्षा जास्त अवयव असतील तरीही फलनावरून अवयवांकडे जाण्याची जलद रीत आहे, आणि ती ५६१ च्या बाबतीत आपण केलेल्या वर्गांच्या साखळीसारखीच आहे. म्हणजे ऑयलर फलन अचूक काढणे हे अवयव काढण्याइतकेच अवघड काम आहे. वेश पालटून आलेला प्रश्न तोच आहे. विभाजकांच्या अचूक बेरजेचेही हेच म्हणावे लागते.

अवयवांशिवाय लगेच तपासता येतील अशा आणखी दोन गोष्टी सांगते. क्ष ही कोणत्या पूर्णांकाचा पूर्ण वर्ग, घन किंवा त्याहून वरचा घात आहे का, हे पाहणे अगदी सोपे आहे. मूळ अवयव ३८ पेक्षा जास्त नसल्यामुळे घातांकही ३८ च्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि फक्त मूळ घातांक तपासले तरी पुरते. म्हणजे २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१ आणि ३७ अशी बाराच मुळे काढून पाहायची आहेत. दुसरी गोष्ट, शेवटचे दोन अंक घेऊन त्यांना ४ ने भागा. बाकी ३ आली, तर क्ष ही दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही, आणि ज्याला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते असा किमान एक मूळ अवयव तिच्यात नक्की आहे. बाकी १ आली तर मात्र दोन्ही शक्यता उघड्या राहतात. क्षला एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जातो का, हा प्रश्न या दोन्हींच्या शेजारचाच वाटतो, पण त्यासाठी अवयव काढण्याखेरीज दुसरा जलद मार्ग आजवर कोणालाही सापडलेला नाही.

येथपर्यंत जे सांगितले ते संख्या कोठून आली याच्यावर अवलंबून नव्हते. यापुढे मात्र सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे, आणि तुमच्या प्रश्नात नेमकी तीच माहिती दिलेली नाही. संख्या जर दोन साधारण सारख्या आकाराच्या, सहजगत्या निवडलेल्या मूळ संख्या गुणून बनवलेली असेल, तर तुम्ही ती सोडून द्यावी असा माझा प्रामाणिक सल्ला आहे. ३०९ अंक हा आकडा माझ्या नजरेत भरण्याचे कारण हेच की, १,०२४ बिटांची आरएसए चावी, म्हणजे संदेश सांकेतिक करण्यासाठी वापरला जाणारा दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार, दशमान पद्धतीत लिहिली की बहुधा ३०९ अंकीच होते. अशा प्रकारची २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली, आणि त्यासाठी प्रोसेसरच्या एका गाभ्याने सुमारे २,७०० वर्षे अखंड चालावे इतके काम अनेक संगणकांवर वाटून करावे लागले. तुमची संख्या तिच्यापेक्षा ५९ अंकांनी मोठी आहे, आणि एवढ्या फरकाने काम कित्येक पटींनी वाढते.

संख्येला काही विशिष्ट रूप असेल तर चित्र एकदम बदलते. २ चा १,०३९ वा घात वजा १ ही ३१३ अंकी संख्या, म्हणजे तुमच्यापेक्षाही मोठी, २००७ मध्येच पूर्ण फोडली गेली होती. तिचा ५०,८०,७११ हा लहान अवयव आधीच ठाऊक होता, आणि उरलेल्या ३०७ अंकी भागाचे ८० अंकी व २२७ अंकी असे दोन अवयव निघाले. विशिष्ट रूप नसलेल्या २५० अंकी संख्येला आणखी तेरा वर्षे लागली, यावरून रूपाचे महत्त्व लक्षात यावे. शिवाय रूपावरून अवयवांचे रूपही ठरते. २ चा घात वजा १ असे रूप असेल आणि घातांक मूळ व विषम असेल, तर प्रत्येक मूळ अवयव हा घातांकाच्या एखाद्या सम पटीत १ मिळवून येणाराच असतो, त्यामुळे बाकी सगळ्या संख्यांनी भागून पाहण्याची गरजच उरत नाही.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मला अंकांची फक्त एक फाइल मिळाली होती. ती संख्या कशातून आली हे मी विचारले नाही आणि पाठवणाऱ्यानेही सांगितले नाही. लहान अवयव आधीच काढून टाकलेले होते. मी तीन आठवडे तिच्यावर यंत्रे चालवली आणि काहीही हाती लागले नाही. नंतर कळले की, ती २ चा एका विषम संख्येच्या दुपटीइतका घात अधिक १ या रूपातून उरलेली होती. अशा संख्या कागदावरच दोन तुकड्यांत फुटतात. उदाहरणार्थ, २ चा ५८ वा घात अधिक १ ही संख्या ५३,६८,३८,१४५ आणि ५३,६९,०३,६८१ यांचा गुणाकार आहे, आणि हे दोन्ही अवयव २ च्या २९ व्या घातात १ मिळवून, त्यातून २ चा १५ वा घात एकदा वजा करून आणि एकदा त्यात मिळवून येतात. लांद्री यांनी १८६९ मध्ये हेच अवयव प्रचंड कष्टाने हाताने शोधले होते, आणि त्यामागचे सूत्र ओरिफेई यांच्या लक्षात आले ते १८७१ मध्ये. माझ्या संख्येसाठी त्या सूत्रातला तुकडा आणि ती संख्या यांचा एकदा मसावि काढला, आणि तीन आठवड्यांत जे झाले नाही ते एका सेकंदाच्या आत झाले. तेव्हापासून मी संख्येचा उगम विचारल्याशिवाय कोणतेही यंत्र सुरू करत नाही.

उगम तुम्हालाही ठाऊक नसेल, तर मी जो क्रम पाळते तो असा आहे. आधी वर सांगितलेली बारा मुळे तपासा. मग तुमच्याकडे त्याच स्रोतातून आलेल्या आणखी मोठ्या संख्या असतील, तर त्यांचे दोन-दोनांचे मसावि काढा. मसावि काढणे ही अत्यंत स्वस्त क्रिया आहे, आणि दोन संख्यांत एखादा मूळ अवयव सामाईक असेल तर तो कितीही मोठा असला तरी तात्काळ सापडतो. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरील कित्येक आरएसए चाव्या याच मार्गाने मोडून दाखवल्या होत्या. त्यानंतर पोलार्ड यांची ‘प वजा १’ ही रीत एकदा चालवा. एखाद्या अवयवातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या फक्त लहान लहान अवयवांची बनलेली असेल, तर ही रीत तो अवयव उचलते. तिच्यात नशिबाचा भाग आहे, पण वेळ थोडाच लागतो.

खरे काम लेन्स्ट्रा यांच्या लंबवर्तुळी वक्रांच्या रीतीने होते, जी १९८० च्या दशकात पुढे आली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिला लागणारा वेळ मुख्यतः शोधल्या जाणाऱ्या अवयवाच्या आकारावर अवलंबून असतो, संख्येच्या आकारावर त्या मानाने फारच कमी. तिच्यात प्रत्येक वक्र म्हणजे एक स्वतंत्र प्रयत्न, आणि मर्यादा म्हणजे त्या प्रयत्नात किती मोठ्या मूळ संख्यांपर्यंत जायचे तो आकडा. मी पायऱ्यापायऱ्यांनी जाते. २५ अंकी अवयवासाठी मर्यादा ५०,००० ठेवून सुमारे २०० वक्र, ३० अंकी अवयवासाठी मर्यादा अडीच लाख ठेवून सुमारे साडेचारशे वक्र, आणि ३५ अंकी अवयवासाठी मर्यादा १० लाख ठेवून हजाराच्या जवळपास वक्र. एका पायरीवरचे वक्र पूर्ण झाले आणि काही सापडले नाही, म्हणजे त्या आकाराचा अवयव नाही असे समजू नका. तेवढ्या वक्रांनंतरही तसा अवयव नजरेतून सुटण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते, आणि पुढच्या पायरीवर मोठी मर्यादा घेऊन काम करताना ती आपोआप खाली येत जाते. सहजगत्या आलेली संख्या असेल, तर ३५ ते ४० अंकांपर्यंतच्या शोधात काहीतरी निघण्याची चांगली आशा असते. दोन समान आकाराच्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल, तर या रीतीने काहीही निघणार नाही, कारण तेथे दोन्ही अवयव १५० अंकांच्या पलीकडे असतात.

एखादा अवयव निघालाच, तर दोन गोष्टी विसरू नका. तो अवयव स्वतः मूळ आहे का, हे त्याच मिलर–रेबिन कसोटीने पाहा, कारण काही वेळा दोन मूळ अवयव एकत्र चिकटून बाहेर येतात. मग क्षला त्याने भागून जो भाग उरेल त्याच्यावरही तीच कसोटी चालवा. तो भाग ‘बहुधा मूळ’ निघाला तर काम संपत आले आहे, आणि तेव्हा त्याच्या मूळपणाची पक्की सिद्धता देणारा प्रोग्राम चालवावा. त्या आकाराच्या संख्येसाठी तो फार वेळ घेत नाही. भाग संयुक्त निघाला तर तो आधीच्यापेक्षा लहान झालेला आहे, आणि तो १०० अंकांच्या आसपास उतरला की ‘प वजा १’ आणि वक्रांच्या रीती बाजूला ठेवून वर्गीय चाळणी ही अवयव काढण्याची वेगळी रीत वापरावी, ती एका साध्या संगणकावरही काही तासांत त्याचे उरलेले अवयव देते. संख्येचा उगम कळवलात, किंवा पहिल्या काही पायऱ्यांचे निकाल लिहिलेत, तर पुढची मर्यादा कोणती घ्यावी हे मला नेमके सांगता येईल.